कागदी वाघाचे हात वर होत नाहीत, काय चुकतंय?

वाघाची मावशी:

माझी भाची सहा वर्षांची आहे. चित्र काढून रंगवून झालं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: "पण हा हलतो कसा?" म्हणून तिच्यासाठी दोरी ओढली की हातपाय उडवणारा वाघ करायला घेतला. धड २० सेंटिमीटर, हात १० सेंटिमीटर, सगळे अवयव धडाच्या मागच्या बाजूने दोन पायांच्या (भोकातून घालून मागे पाय फाकवायच्या) पितळी पिनांनी जोडलेले. पिनेच्या बरोबर वर, खांद्याच्या टोकाला दोऱ्यासाठी भोक पाडलं. दोन्ही हातांचे दोरे सरळ खाली आणून पायांच्या खाली एकत्र गाठले. पायांचंही तसंच केलं.

दोरी ओढली की हात जागचे हलत नाहीत, धडच वाकतं. जोर लावला की कधीतरी एक हात झटकन वर जातो आणि तिथेच अडकून बसतो. डाव्या पायाचं भोक तर दोन दिवसांत फाटलं. भाची तक्रार करत नाही. ती बोटाने हात वर करते आणि म्हणते, "आता उडाला." ते बघून मला फार वाईट वाटतं, कारण तिला दोरीनेच उडवायचा होता.

आणखी एक. एका शुभेच्छापत्रात डोंगरामागून सूर्य वर येईल अशी सरकपट्टी केली होती. पहिल्या दिवशी छान चालली, नंतर अडकते आणि मधेच दुमडते. पुढचं काही करताना भाचीलाही सोबत घ्यायचंय, तर तिला यातलं काय करू द्यावं?

पुठ्ठा-पेटी:

कागद कोणता घेतलात? प्रिंटरचा साधा कागद ८० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपास असतो, त्याचे हातपाय स्वतःच्या वजनाने खाली पडत नाहीत. निदान २५०-३०० जीएसएमचं कार्डशीट घ्या.

वाघाची मावशी:

दुसरा वाघ जाड कार्डशीटचाच आहे. तरी तेच.

बिजागरी:

मावशी, तुमचा वाघ चांगलाच असणार, घोळ दोऱ्याच्या भोकात आहे. मी वीसेक वर्षं पाच ते दहा वयाच्या मुलांबरोबर असली खेळणी करते आहे आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या पहिल्या बाहुल्यात पाहिली आहे. माझ्याही.

हात खाली लोंबतोय, पिनेच्या बरोबर वर भोक आहे आणि दोरा सरळ खाली ओढला जातोय. म्हणजे तुमचा सगळा जोर पिनेवरच जातो. दार बिजागरीच्या दिशेने कितीही ढकललं तरी उघडत नाही, तसंच हे. मग जोर वाढला की भोक फाटतं किंवा हात कुठल्या तरी एका बाजूला झटका खातो. डाव्या पायाचं भोक त्यामुळेच गेलं.

उपाय असा. हाताचं वरचं टोक थोडं रुंद कापा आणि दोऱ्याचं भोक पिनेच्या वर पण आतल्या, म्हणजे धडाच्या मधल्या रेषेच्या बाजूला तिरकं पाडा. पिनेपासून १ सेंटिमीटरवर. अंतर २ सेंटिमीटर ठेवलंत तर ओढ हलकी लागेल, पण हात तेवढाच उडवायला दोरी दुप्पट ओढावी लागेल. सहा वर्षांच्या मुलीला छोट्या ओढीत मोठी उडी हवी असते, म्हणून मी एकच सेंटिमीटर ठेवते.

दोरेही वेगळे नकोत. दोन्ही हातांच्या भोकांमध्ये एक आडवा दोरा बांधा, पायांमध्ये दुसरा, आणि दोन्हींच्या मध्यावरून एक उभा दोरा खाली सोडा. बांधताना बाहुला पालथा टेबलावर ठेवा, हातपाय पूर्ण खाली, शेवटी जसे लोंबायला हवेत तसेच. हात जरा वर असताना गाठ मारली तर ते कायम अर्धवट वर राहतात. आडवा दोरा ताणलेला नको, पण झोळही नको. झोळ असला की पहिला सेंटिमीटर त्यातच जातो आणि मुलाला वाटतं खेळणं बिघडलं.

आता पिना. मुलं असोत की मोठी माणसं, सगळे पिनेचे पाय घट्ट दाबतात. घट्ट दाबलं म्हणजे मजबूत झालं असं वाटतं, पण हलणाऱ्या जागी घट्टपणा हाच शत्रू. मी पाय उघडायच्या आधी मागे कार्डशीटचा एक तुकडा सरकवते, त्यावर पाय दाबते आणि मग तुकडा ओढून काढते. तेवढी फट उरते आणि हात आपल्या वजनाने खाली येतो. भोक पिनेपेक्षा किंचित मोठं हवं. कडेपासून ७-८ मिलिमीटर आत हवं. भोक पाडायच्या आधी दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावा, मग भोक पाडा. एवढं केलं की फाटायचं थांबतं. तरीही हात खाली यायला कुरकुरला तर पंजाच्या मागे कार्डशीटचे दोन थर चिकटवा. वजन टोकाला हवं, खांद्याला नाही.

सांध्याची ही सैल जागा मला फार प्रिय आहे. लोथार मेगेनडॉर्फर (१८४७-१९२५) नावाचे जर्मन चित्रकार हलत्या चित्रांची पुस्तकं करत. त्यांच्या चित्रांत एक पट्टी ओढली की हात, डोळे, जबडा असं बरंच काही एकदम हलतं. ते सांध्यांसाठी बारीक तांब्याच्या तारेची चपटी गुंडाळी वापरत. कागद न फाटता फिरावा म्हणून एवढी मेहनत.

भाचीला काय द्यावं, तर जोडणी. मोठी माणसं सगळं जोडून शेवटी रंगवायला देतात, ते उलटं आहे. रंगवणं तिला येतंच. भोकं तुम्ही पाडा, पण पिना तिला घालू द्या, तो कार्डशीटचा तुकडा तिला ओढून काढू द्या, आणि दोऱ्याची गाठ मारण्याआधी "इथे धरून ओढून बघ" असं म्हणा. हात उडत नसेल तर भोक कुठे हवं होतं ते तीच सांगेल. सहा वर्षांची मुलं हे सांगतात, मी पाहिलंय. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र पिना आणि मणी नकोत, तोंडात जातात. त्यांना घडीची, उघडमिटीची खेळणी द्या.

आडवी घडी:

सरकपट्टीबद्दल मी सांगतो. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला बसतात. त्या दिशेला समांतर बाक सहज पडतो, तिला आडवा बाक द्यायला गेलं तर कागद विरोध करतो. कार्डशीट न दुमडता आधी उभं, मग आडवं हलकं वाकवून बघा, हाताला लगेच कळेल. सहज होणारा बाक ज्या रेषेत पडतो, त्या रेषेच्या लांबीत पट्टी कापा. तुमची पट्टी बहुधा उलटी कापली गेली आहे, म्हणून ढकलताना मधेच दुमडते.

खाच पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर रुंद ठेवा. पट्टी २ सेंटिमीटर, तर खाच २२ मिलिमीटर. पहिल्या दिवशी चालली आणि नंतर अडकली म्हणजे मला ओल्या गोंदाची शंका येते. ओला गोंद कागद फुगवतो, खाचेत झिरपतो आणि वाळल्यावर कड खरखरीत होते. सरकत्या भागाच्या जवळपास दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टीच वापरा. आणि पट्टीच्या आतल्या टोकाला खाचेपेक्षा रुंद आडवा तुकडा लावा, म्हणजे उत्साहाने ओढली तरी हातात येणार नाही.

शुभेच्छापत्र उघडल्यावर आत उभं राहणारं काही करणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. पेटीसारखा आकार खालच्या पानावर घडीपासून ४ सेंटिमीटर पुढे आणि उभ्या पानावर ५ सेंटिमीटर वर चिकटवला, तर पत्र मिटल्यावर तो घडीपासून ९ सेंटिमीटरपर्यंत येतो. पान त्याहून रुंद नसेल तर टोक बाहेर डोकावतं.

वाघाची मावशी:

रविवारी दोघींनी मिळून तिसरा वाघ केला. भोकं तिरकी पाडली, आडवा दोरा बांधला. कार्डशीटचा तुकडा ओढून काढायचं काम भाचीने चारही पिनांना स्वतः केलं, आणि प्रत्येक वेळी हात सोडून तो खाली पडतो का ते पाहिलं. उजवा पाय अडला तर तिनेच पिन पुन्हा उघडली. मग दोरी ओढली आणि चारही एकदम उडाले. ती काही बोलली नाही, नुसती ओढत राहिली. मी बाजूला बसून बघत होते. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

सरकपट्टी अजून राहिली आहे. पण आता तिला शेपटीही उडायला हवी आहे. शेपटी धडाच्या बाजूला आडवी आहे. भोक परत तिरकं पाडायचं का?

बिजागरी:

नको. शेपटी आडवी आहे आणि दोरा खाली ओढतोय, म्हणजे काटकोन आपोआप मिळाला. शेपटी पिनेच्या आत १ सेंटिमीटर वाढवा आणि भोक सरळ रेषेतच पाडा. पिन पायांच्या पिनांपेक्षा ३ सेंटिमीटर वर घ्या, नाहीतर मागे दोरे गुंततील. तिचा दोरा उभ्या दोऱ्याला जमेल तितका खाली बांधा, म्हणजे ओढ जवळजवळ सरळ राहील. पण भोक कुठे पाडायचं हे आधी भाचीला विचारा.