अशोकाशी गप्पा कशाला? शिलालेख आहे की!

सम्राट अशोकाच्या तोंडून उत्तरं देणारा एआय चॅटबॉट करून इतिहासाच्या तासाला मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत, असं एका सरांनी सुचवलंय. मला नाही पटत. अशोकाचं स्वतःचं बोलणं दगडावर आहे. आपल्याच कर्नाटकात, रायचूरकडं, मस्कीला 1915 साली सापडलेल्या लेखात तर त्याचं नावही कोरलंय. त्याच्या तोंडी मशीननं रचलेली वाक्यं घातली की आठवीतल्या पोराला खरं कुठलं नि रचलेलं कुठलं, कसं कळणार?

एआय वापरायचंच तर इथाकासारखं वापरा. 2022 सालचं हे गूगलच्या डीपमाइंड कंपनीचं एआय मॉडेल झिजलेल्या प्राचीन ग्रीक शिलालेखांतली नाहीशी झालेली अक्षरं सुचवतं. इतिहासकारांचं एकट्याचं बरोबर येण्याचं प्रमाण 25 टक्के, मशीनचं 62, आणि दोघं मिळून 72! शिवाय ते एकच उत्तर ठोकून देत नाही, शक्यता पुढं ठेवतं, निवड माणसानं करायची. मुलांना शिकवायचं ते हेच.

खानापूर तालुक्यातल्या शाळांना तर हलशी गाव जवळच, म्हणजे कदंब राजांच्या काळातली पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात जा (परवानगी काढूनच), एखाद्या कोरीव दगडाचे चहूबाजूंनी, लागोपाठच्या फोटोंत थोडा भाग सारखाच येईल असे फोटो काढा. फोटोग्रामेट्रीच्या (फोटोंवरून वस्तूचा आकार उभा करण्याच्या) फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यांची त्रिमिती प्रतिकृती होते. झिजलेल्या अक्षरांवर टॉर्च समोरून नको, बाजूनं तिरका मारा, सावलीनं खोदकाम उठून दिसतं. हे आधी करा, एआयला मग विचारा. मराठी-कन्नड दोन्ही माध्यमांची पोरं एकत्र नेली तर आणखी झकास!