बाबांना ब्रिटिश सिनेमातलं बोलणं कळत नाही, पुढचा कोणता लावू?

टपाल_लेक (नंदनवन, नागपूर)

बाबा ७६ वर्षांचे आहेत. आरएमएसच्या, म्हणजे रेल्वेतून टपाल नेणाऱ्या खात्याच्या, एफ डिव्हिजनला सॉर्टर होते. अर्धी नोकरी धावत्या गाडीत, टपालाच्या डब्यात उभं राहून झाली. डिसेंबरात मी त्यांना ‘नाइट मेल’ दाखवला. १९३६ चा, ब्रिटिश टपाल खात्याच्याच फिल्म युनिटनं काढलेला, अर्ध्या तासाच्या आतला. लंडनहून स्कॉटलंडला निघालेली टपालगाडी आणि आत रात्रभर पत्रं लावणारी माणसं. बाबा खुर्चीतून उठले ते टीव्हीला नाक लावूनच उभे राहिले. गाडी न थांबता थैली रुळाकाठच्या जाळ्यात पडते, तो प्रसंग त्यांनी चारदा मागे नेऊन बघितला. मग म्हणाले, “पण हा डबा खरा चालून नाही राहिला. वळणावर माणूस असा नाही डोलत. आधी गुडघा वाकतो.”

तेव्हापासून शनिवारी जेवणं आटोपली की आम्ही दोघं असलेच सिनेमे बघतो. थोड्या पैशांत काढलेले, फारसं कुणी नाव न घेतलेले, ज्यात कामाची माणसं दिसतात असे. लीड्सचा माझा आतेभाऊ येताना ‘सीकोल’ घेऊन आला. १९८५ चा, समुद्रकाठी कोळसा वेचणाऱ्यांवरचा, उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडच्या बोलीतला. आमच्या कॉपीत सबटायटल नाहीत. त्यात मे महिना. कूलर बंद केला तर बसवत नाही, चालू ठेवला तर ऐकू येत नाही. बाबा दर पाच मिनिटांनी विचारायचे, “काय म्हणाला?” आणि मलाही कळलेलं नसायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण ही बोली माझ्या कानाला नवी आहे. चाळीस मिनिटांनी तेच म्हणाले, “राहू दे बेटा, तू थकली.” हे फार लागलं मला. त्यांना बघायचं होतं, माझ्यासाठी त्यांनी सोडलं.

बोलणं कमी असलेले किंवा सबटायटलसकट मिळणारे असे कोणते आहेत? आणि ‘सीकोल’ आता ठेवूनच द्यायचा का?

सीताबर्डी_१६एमएम

आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अगदी बरोबर ओळखलं. ‘नाइट मेल’मधला सॉर्टिंगचा डबा स्टुडिओत उभा केलेला सेट होता. माणसं खरी टपाल खात्यातली, पण त्यांना डोलायला सांगितलं होतं, आणि गाडी चालल्यासारखी वाटावी म्हणून टांगलेली सुतळी हलवत ठेवली होती. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं. त्यांनी गुडघ्यावरून ओळखलं!

सबटायटलबद्दल: डिस्कच्या पाठीवर ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. ती कर्णबधिरांसाठी केलेली असतात, त्यामुळे दार वाजलं, गाडी गेली हेसुद्धा लिहून येतं. कूलरच्या दिवसांत तेच उपयोगाचं. मात्र डिस्क कोणत्या देशांत चालणार याचा रिजन ठरलेला असतो. तिकडची डीव्हीडी रिजन २ ची असू शकते, आपल्याकडचा रिजन ५. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रिजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, नंतर तो तिथंच अडकतो. म्हणून एक जुना ड्राइव्ह याच कामाला बाजूला ठेवा. ब्लू-रेचंही तसंच, त्यांचा बी, आपला सी.

कमी बोलण्याचा हवा असेल तर लोरेन्झा मात्झेत्ती यांचा ‘टुगेदर’, १९५६. लंडनच्या ईस्ट एंडमधले दोन मूकबधिर गोदी कामगार. तासाभराच्या आतला आहे. मागे पोरांची टोळी आणि बॉम्बनं पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा. त्या जागा सेट लावून करता आल्या नसत्या.

निवृत्त_सर्व्हेअर

ताई, ‘सीकोल’ ठेवून देऊ नका.

मी ३१ वर्षं कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो, त्यातली शेवटची १४ उमरेडला. हा सिनेमा मी सहा वेळा पाहिला असेल. पहिल्या वेळी मलाही बोलण्यातलं काही कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आवाज पूर्ण बंद करून बसलो आणि सगळं कळलं.

तिथली गोष्ट अशी आहे. नॉर्थम्बरलँडमध्ये लाइनमथ म्हणून गाव, समुद्राला लागून खाण होती. खाणीतली माती-दगड समुद्रात टाकत. त्यात थोडा कोळसा राहायचाच. दगड जड, कोळसा त्याच्या निम्म्या वजनाचा, म्हणून लाटा दोघांना वेगळं करायच्या आणि कोळसा काठावर आणून टाकायच्या. आपण वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, लाखो रुपयांची यंत्रं लावून जे करतो ते तिथं समुद्र करायचा. मग लोक घोडागाड्या थेट पाण्यात घालून तो भरून न्यायचे. घोड्याच्या पोटापर्यंत पाणी, माणसाच्या हातात फावडं. यात भाषेचं काय काम आहे? फावडं पाण्यातून वर येताना माणूस मनगट वळवतो, पाणी निथळू देतो, मग टाकतो. ते बाबांना दाखवा. ते तुम्हाला समजावून सांगतील.

काढणारे लोक अंबर नावाच्या मंडळीतले. १९६८ मध्ये एकत्र आले, मग न्यूकॅसलला जाऊन राहिले. या सिनेमासाठी त्यांनी कोळसा वेचणाऱ्यांच्या वस्तीत कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि त्यांच्यातच राहिले. नट थोडे, बाकी तिथलीच माणसं. आपल्याकडे खाणीवर शूटिंग झालं की नटाच्या गालाला काजळ लावलेलं मला लांबून कळतं. कोळसा गालाला नाही लागत हो आधी. तो पापणीच्या कडेला आणि नखांत बसतो. ‘सीकोल’मध्ये तो जिथं असायला पाहिजे तिथं आहे. पैसे नव्हते म्हणून ते स्टुडिओत गेले नाहीत असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, पैसे असते तरी वस्तीत राहायला वेळच लागला असता, आणि तो त्यांनी दिला.

त्याआधी मात्र बिल डग्लसचा ‘माय चाइल्डहूड’ लावा. १९७२, पाऊण तास, कृष्णधवल. एडिंबरोजवळच्या न्यूक्रेगहॉल या खाणीच्या गावात तो वाढला, त्याचंच बालपण आहे. पुढचे दोन भाग १९७३ आणि १९७८ चे. बोलणं इतकं कमी की कूलर दोन नंबरवर ठेवला तरी चालेल. तिन्ही भागांची डिस्क माझ्याकडे आहे. मी त्रिमूर्तीनगरला राहतो, बाबांना घेऊन या. मला त्यांच्याशी त्या गुडघ्याबद्दल बोलायचं आहे.

हिंगणा_कॅमेरा

मी इंजिनीअरिंगला आहे, मित्रांसोबत शॉर्ट फिल्म करतो. मी ख्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ सुचवेन. १९९८, १६ एमएम फिल्मवर काढलेला, सत्तर मिनिटं. सगळे नोकरीवाले, म्हणून वर्षभर शनिवार-रविवारी शूट केला. रीळ वाचावं म्हणून तालमी इतक्या केल्या की बहुतेक शॉट एक-दोन टेकमध्ये. आम्ही हेच करून राहिलो सध्या, आणि खरंच फरक पडतो. बोलणं भरपूर आहे, पण उच्चार स्पष्ट आहेत.

दुसरा ‘इट हॅपन्ड हिअर’. जर्मनीनं ब्रिटन जिंकलं असतं तर काय, अशी कल्पना. १९५६ मध्ये सुरू केला तेव्हा केविन ब्राउनलो १८ वर्षांचा, अँड्र्यू मोलो १६ चा. पुरा व्हायला आठ वर्षं लागली. मी हे आईला सांगितलं, तिनं कॅमेऱ्याच्या भाड्याचे पैसे दिले.

निवृत्त_सर्व्हेअर

‘फॉलोइंग’ चांगला आहे, पण ताईंच्या बाबांसाठी नाही. त्यात कुणी काम करताना दिसत नाही.

टपाल_लेक

पंधरा दिवसांनी लिहितेय. सर्व्हेअर काकांकडे जाऊन आलो. ते आणि बाबा दोन तास बोलले, मी आणि काकू आत आंब्याचं पन्हं गाळत होतो.

काल रात्री ‘माय चाइल्डहूड’ लावला. मध्ये एक प्रसंग आहे. पोरगा कपात गरम पाणी ओततो, लगेच ओतून टाकतो, आणि तो रिकामा, ऊन झालेला कप आजीच्या हातात देतो. वर तिची बोटं स्वतः मिटवतो. कुणी काही बोलत नाही. बाबांनी हात वर केला, मी थांबवला. म्हणाले, “जानेवारीत बैतूलच्या घाटात आम्ही चहा संपला तरी पेला सोडत नव्हतो. बोटं आखडली की पत्र खणात बरोबर पडत नाही.” मी त्यांची मुलगी, पंचेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं.

“काय म्हणाला?” एकदाही आलं नाही. येत्या शनिवारी ‘सीकोल’ पुन्हा, आवाज बंद करून. काका, तुम्ही आणि काकू पण याल का? जेवायलाच या. ऑटोवाल्याला नंदनवनचं पोस्ट ऑफिस सांगा, तिथून बाबा घ्यायला येतील.