वाइनरीला दोन तास पुरे; बाकीचं नाशिक बाहेर आहे

अनवट वाट

थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या मंडळींची विचारणा सुरू होते: "नाशिकला वाइनसाठी येतोय, दोन दिवस आहेत, काय काय करू?" खोदून विचारलं तर बेत आधीच ठरलेला असतो. शनिवारी दुपारी एक वाइनरी, संध्याकाळी दुसरी, रविवारी तिसरी आणि परतताना मिसळ. मला हा वेळेचा शुद्ध अपव्यय वाटतो. फेरफटका, टाक्या, लाकडी पिंपं, चार-पाच घोट, एक बाटली विकत, एवढ्याला दोन तास रगड. दुसऱ्या वाइनरीत त्याच स्टीलच्या टाक्या आणि पेला कसा फिरवायचा याची तीच शिकवणी.

आणि हे सगळं कुठे? गंगापूर धरणाच्या अंगाला, गोवर्धन गावाच्या शिवारात. आता पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात जाऊन बघा. शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख तिथे आहे. त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले, शेकडा एक दरमहा व्याजाने. ती श्रेणी कुठली, तर गोवर्धनची. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची मुदत ठेव, अटींसकट कातळात कोरलेली! आपण गोवर्धनात बसून शिराज या लाल वाइनमध्ये काळी मिरी लागते की लवंग यावर डोकं खाजवतो आणि महामार्गालगतच्या डोंगरावर दोनेकशे पायऱ्या चढायचा कंटाळा करतो.

पेठ रस्त्यावर आशेवाडीचा रामशेज आहे. संभाजी महाराजांच्या काळात मोगली फौजांना वर्षानुवर्षं झुंजवणारा किल्ला, पण चढाई तासाभराच्या आत. निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेलं. सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ. यातलं काहीही न बघता "नाशिक केलं" म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? विरोधी मतं येऊ द्यात.

शेनिनप्रेमी

येऊ द्यात म्हणालात म्हणून लिहितो. तुमचा सगळा राग "टाक्या सारख्याच" या वाक्यावर उभा आहे. मग किल्लेही सारखेच म्हणायचे का? दरवाजा, टाकं, देऊळ, ढासळलेला वाडा, उतरा खाली. ज्याला बघता येतं त्याला फरक दिसतो.

शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन नाशिकच्या दोन-तीन वाइनरींत चाखून बघा. एकीची गोडसर, दुसरीची खडखडीत कोरडी. इगतपुरीच्या बाजूला पाऊस धो-धो, दिंडोरीकडे तो बराच कमी. माती बदलते, उंची बदलते. हे कळायला एकापेक्षा जास्त ठिकाणी जावंच लागतं. तेही जानेवारी ते मार्च या दिवसांत, कारण तोडणी आणि गाळप तेव्हाच चालतं. त्या दिवसांत आंबवण्याच्या खोलीच्या दारात नुसतं उभं राहिलं तरी वासावरून कळतं की हा सोहळा पाहण्यासारखा आहे.

डोंगर आणि लेणी महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेली वाइन नाशिकचीच आहे. जे इथेच मिळतं त्याला दोन तास आणि जे सगळीकडे मिळतं त्याला दोन दिवस, हा कुठला हिशोब?

आगाऊ कार्टा

२०२२ मध्ये सरकार सुपरमार्केटात वाइन ठेवायला निघालं होतं, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राला वाइन म्हणजे औषध आणि उरलेल्या अर्ध्याला विष वाटत होतं. या धाग्यात ती निदान पर्यटनस्थळ तरी झाली. प्रगती आहे. चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

सह्यसखी

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. अनवट वाट, कृपा करून लोकांना डोंगरावर पाठवू नका. वाइनरीतच बसू द्या त्यांना.

हरिहर किल्ल्याचं काय झालं ते आठवा. निरगुडपाड्याहून किंवा हर्षेवाडीहून वर गेलं की जवळजवळ उभ्या कातळात कोरलेला एकच जिना. पाय ठेवायला पायरी, बोटं अडकवायला तिच्यात खोबणी. चढायलाही तोच आणि उतरायलाही तोच. चित्रफिती पसरल्या आणि पावसाळी रविवारी त्या जिन्यावर रांग लागायला लागली. वरचा उतरू शकत नाही, खालचा चढू शकत नाही, मधला निसरड्या खोबणीत बोटं रुतवून उभा. मी वर अडकले होते तेव्हा माझ्या पुढचा मुलगा एका हाताने सेल्फी काढत होता.

अंजनेरीच्या डोंगराचंही तेच. तिथे गिधाडांची वस्ती आहे. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदिलासारखं फूल जगात सर्वात आधी तिथेच सापडलं, म्हणून तर त्याला ते नाव. वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा निसर्गप्रेमींना उभं राहावं लागलं. "एवढे लोक येतात, सोय नको का?" हेच त्या रस्त्याचं समर्थन होतं. लोक येतात ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी यादी वाटल्यामुळेच.

हिरवळीवर बसून फोटो काढणारा माणूस गिधाडाच्या घरट्यापाशी आरडाओरडा करत नाही. वाइनरी हा माझ्या दृष्टीने डोंगर वाचवणारा बांध आहे.

अनवट वाट

सह्यसखी, माझ्या यादीत हरिहर नाही आणि अंजनेरीही नाही. मुद्दाम नाही. रामशेजवर रुंद वाट आहे, अर्ध्यात रामाचं देऊळ आहे, गावकरी रोज जातात. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे तिकीट आहे, रखवालदार आहे. गर्दी पचवू शकतील अशाच जागा सुचवल्यात. ती माहिती लपवली तर माणूस मोबाइलवर दिसेल तिथे जातो, आणि मोबाइलवर दिसतो तुमचा हरिहरच.

शेनिनप्रेमी, रामशेजवर उभं राहून चारी बाजूंचं शिवार बघा, मग म्हणा डोंगर सगळीकडे सारखेच. मला तर त्या दृश्यातून माती कळते, पेल्यातून नाही कळत. तिसऱ्या पेल्यानंतर तर काहीच कळत नाही.

मुक्ता

तुम्ही सगळे धडधाकट, एकटे आणि कार कुणीतरी दुसरंच चालवणार असं धरून लिहिताय. आमच्याकडे गुडघेदुखीच्या सासूबाई, पाचवीतला मुलगा आणि ड्रायव्हर म्हणजे मी. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा. तेव्हा "थोडीशी चाखली" यात मला रस नाही. वाइनरीत नवरा चाखतो, सासूबाई खुर्चीत, मुलगा "आता जाऊया का" म्हणत. दोन तास? आम्हाला पाऊण तास झाला.

आणि "बाहेर फिरा" म्हटलं की तुमच्याकडे चढणच का असते? गोंदेश्वर सपाट जागी आहे. मधलं शिवाचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, समोर नंदी. सासूबाई सगळीकडे फिरल्या आणि मुलाने भिंतीवरचे हत्ती मोजले. सिन्नरलाच खनिजांचं गारगोटी संग्रहालय आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोटात निघालेले हिरवे-पांढरे स्फटिक बघून तो जो गप्प झाला, तसा कुठल्याही किल्ल्यावर झालेला नाही.

निफाडकर

बराच वेळ वाचतोय. माझी बाग आहे, पूर्वी थोडी वाइनची द्राक्षंही होती. तुम्हा सगळ्यांच्याच लिहिण्यात बाग म्हणजे मागचा पडदा, पुढे तुम्ही.

पहिलं. पावसाळ्यात "द्राक्षं बघायला" येणाऱ्यांनो, तेव्हा घड नसतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळाभर नुसती पानं आणि काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, मग फुलोरा, मणी, आणि जानेवारीपासून पुढे माल. जुलैत रस्त्यात कार लावून, तारेखालून आत शिरून घड शोधणारे लोक मी बघितले आहेत.

दुसरं. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांसाठी औषधाच्या फवारण्या चालतात. ट्रॅक्टरचा ब्लोअर ज्या ओळीतून आत्ताच गेला, त्या ओळीत लहान पोराला उभं करून फोटो काढतात. पानं ओली दिसतात ती दवाने नव्हे. मी ओरडलो की मीच उद्धट.

तिसरं, शेनिनप्रेमींसाठी. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बी असलेला, साल जाड. तो हातगाडीवर विकला जात नाही, बेदाण्यालाही चालत नाही. वाइनरीने उचलला नाही तर करायचं काय? २००८ नंतर मंदी आली, वाइन पडून राहिली, कारखान्यांनी माल घेणं थांबवलं. आमच्या भागात लोकांनी वेली मुळासकट काढल्या, मीही काढल्या. फेरफटक्यात टाकी कुठल्या देशातून आली ते सांगतात, हे सांगत नाहीत.

आता सूचना. तुम्हाला चालायचंच आहे ना? शिवाररस्ते आहेत, पाणंदी आहेत, कालव्याचा भराव आहे. जानेवारीच्या पहाटे निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो. मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं कोमट पाणी सोडतो. ओळीओळीतून धूर जमिनीलगत सरकत असतो. ते बघायला कोणी येत नाही, कारण त्या वेळी सगळे रिसॉर्टमध्ये झोपलेले. गावाने ठरवलेली वाट, सोबत गावातला माणूस आणि त्याचे पैसे थेट शेतकऱ्याला, असं कोणी करणार असेल तर मी माझा बांध द्यायला तयार आहे. आगंतुकांना नाही.

शेनिनप्रेमी

निफाडकर, २००८ नंतरचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते फेरफटक्यात सांगायलाच हवं. पण त्यातून निघतं काय? वाइन विकली गेली नाही म्हणूनच वेली निघाल्या ना? माणसं वाइनरीत आली, बाटल्या घेऊन गेली, तर पुढच्या वर्षी माल उचलला जाईल. अनवट वाट म्हणतात तसं सगळे लेण्यांत गेले तर तुमच्या शेजाऱ्याच्या शिराजचं काय?

निफाडकर

माझ्या शेजाऱ्याने टोमॅटो लावलाय.

सह्यसखी

गावाने चालवलेली वाट मला मान्य आहे, एका अटीवर. रोज किती माणसं हे आधी ठरवा, मग जाहिरात करा. आपल्याकडे नेहमी उलटं होतं. आणि वाटेवर बाटली नको. किल्ल्यांवर दारू पिण्याला बंदी आहे तरी तिथल्या पाण्याच्या टाक्यांत काचा सापडतात, बांधावर सापडायला किती वेळ लागेल?

अनवट वाट

बाटलीबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणून तर क्रम महत्त्वाचा: पहाट आणि सकाळ बाहेर, वाइनरी दुपारनंतर, आणि त्यानंतर कुठेही चढायचं नाही, गाडी तर हातात घ्यायचीच नाही. शेनिनप्रेमींच्या युक्तिवादाला माझं उत्तर एवढंच की बाटली घ्यायला दोन तास पुरतात. बाटल्या दोन घ्या हवं तर. तीन वाइनरींत दोन दिवस घालवणारा माणूस जास्त पितो, जास्त जाणतो असं नाही.

शेनिनप्रेमी

एका वाइनरीत बसून नाशिकची वाइन कळते म्हणणं आणि नुसता रामशेज बघून सह्याद्री कळला म्हणणं सारखंच आहे. मी तीनवरून दोनवर येतो. त्याखाली येणार नाही.

मुक्ता

तुमचा सौदा चालू राहू दे. निफाडकर दादा, मला सांगा, नांदूरमध्यमेश्वरला सासूबाईंना चालवेल का? आणि मुलाला काय दिसेल?

निफाडकर

चालवेल, ताई. चापडगावच्या बाजूने जा, निरीक्षण मनोरे तिकडे आहेत. मनोऱ्यावर नाही चढल्या तरी काठावरून दिसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण उजाडता उजाडता पोचा. ऊन वर आलं की पक्षी आत सरकतात. चक्रवाक, थापट्या, चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, वारकरी तर शेकड्याने. डोक्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी गेला की पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उठतात, मुलाला ते नक्की दाखवा. गावातली पोरं वाटाडे म्हणून येतात, दुर्बीणही देतात, त्यांना घ्याच. गरम कपडे जास्तीचे ठेवा, पाण्यावरचा वारा झोंबतो. विंचूरचं वाइन पार्क तिथून फार लांब नाही, नवऱ्याला तिकडे सोडलंत तरी चालेल.

आगाऊ कार्टा

परत आणायला कोण जाणार?