मदत हवी आहे: रेल्वे सुरक्षा शिकवणारे स्वयंसेवक तयार कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

१३ ते १८ वयाच्या मुलांना रूळ, फाटक, फलाट इथल्या धोक्यांबद्दल शिकवायला आम्ही स्वयंसेवक जमवलेत. विषय मला येतो. माणसं तयार करताना अडलंय.

गटात दोन टोकं आहेत. एकीकडे निवृत्त ड्रायव्हर. ऐकत राहावं असं बोलतात, पण पाचव्या मिनिटाला अपघाताच्या वर्णनावर येतात आणि मग त्यांना ब्रेक लागत नाही. मुलं जरा वेळ चिडीचूप होतात, मग मागून कुणीतरी विचारतं, "रक्त किती होतं?" की संपला तास. दुसरीकडे कॉलेजची पोरं. मुलांशी त्यांचं चटकन जमतं, पण स्लाइड जशीच्या तशी वाचतात. 'रूळ ओलांडू नका' हे एका तासात मी नऊ वेळा मोजलं. का ओलांडू नये ते एकदाही आलं नाही.

सांगण्यासारखं तर तेच आहे! ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. भरलेली मालगाडी वेगात असेल तर आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं. पोलादी चाकाला पोलादी रुळावर पकड कमी, आणि स्टिअरिंग तर नसतंच. मोठी वस्तू समोरून येताना आहे त्याहून हळू वाटते, म्हणून 'अजून लांब आहे' हा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. डबा रुळांच्या बाहेर साधारण मीटरभर आलेला असतो. २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड वायरला हात लावायचीही गरज नाही, नुसतं फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते.

तर प्रश्न दोन. ज्येष्ठांना न दुखावता त्या कहाण्या कशा थांबवू? आणि दुसरा, जास्त अवघड: एका मुलीने वर्गात सांगितलं की तिच्या भावाने रुळांवर जीव दिला. आमची स्वयंसेविका गोठलीच. अशा वेळी काय करावं, हे प्रशिक्षणात कसं आणू?

प्रतिसाद १

कहाणी थांबवू नका, आधी संपवा. ब्रेक लावला त्या क्षणाशी. पुढचं सांगायचं नाही. त्याऐवजी काकांनी घड्याळ लावून गप्प बसायचं. १०० च्या वेगातून किलोमीटरभरात थांबायला मिनिटाहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ वर्गाने नुसतं बसून काढायचा. आमच्याकडे विसाव्या सेकंदाला मुलं चुळबुळायला लागतात.

पोरांच्या स्लाइड काढून घ्या. दोरी द्या, खडू द्या. मैदानावर २८ मीटर मोजायला लावा.

प्रतिसाद २

दोरी मैदानावरच हं! प्रात्यक्षिक म्हणून मुलांना रुळांजवळ नेणारे महाभाग पाहिलेत. आणि रुळांवर उभ्या माणसाचा फोटो 'असं करू नका' म्हणूनसुद्धा दाखवू नका. ओळ विसरली जाते, पोज लक्षात राहते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तासाआधी शिक्षकांना विचारायचं की अलीकडे कुणाच्या घरी असं काही घडलंय का, आणि समुपदेशक कोण आहे. वर्गात जागा, पद्धत, तपशील यांवर चर्चा नाही. त्या मुलीला इतकंच: "सांगितलंस ते बरं केलंस. तास संपला की तू, तुझ्या बाई आणि मी बसू." मग खरंच बसायचं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र द्यायचं नाही. हे वाचून येत नाही, जोडीजोडीने वठवून घ्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने स्वयंसेवक. पहिल्यांदा सगळेच सल्ला द्यायला लागतात, बघा.

अवांतर: पहिले दोन तास नुसते बघायचे, तिसरा जोडीने घ्यायचा, मग एकट्याने. असं ठेवलंत तर घाई होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. वठवून बघितलं. चौदापैकी बारा जणांनी सल्ला दिला, त्यात मीही.

ड्रायव्हरकाकांना मिनिटाचं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "गप्प बसायला जमेल. त्या मिनिटात तसंही आमच्या हातात फक्त हॉर्न असतो." एवढं एक वाक्य त्यांना ठेवू दिलंय.