अनुभव धागा: रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेल्यांचं पुढे काय झालं?

नदीकाठ
भाचीनं परवा नवी दुचाकी घेतली. घरातल्या सगळ्यांना मागे बसवून एकेक चक्कर मारून आणत होती. दादाला म्हणाली, "मामा, चला ना." तो नुसता हसला, "तू जाऊन ये" म्हणाला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. इतकी वर्षं झाली, मला वाटत होतं आता त्याच्या मनातून गेलं असेल.

तो रस्त्याच्या कडेनं चालत होता, मागून गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, ते रॉड घालून जुळलं. डोक्याला मार लागला तो मात्र राहिला. जीव वाचला, सगळे म्हणाले नशीब थोर. आता दोघं एकदम बोलायला लागले की तो कानांवर हात ठेवतो. फोन वाजला की आधी टीव्ही बंद करतो, मगच उचलतो. पूर्वी लांबलचक हिशोब तोंडी करायचा, आता दोन बिलांची बेरीज सांगितली तरी चिडतो. वासही येत नाही त्याला. गॅस चालू राहिला तर कळणार नाही, म्हणून घरात एकटं ठेवत नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात आहे की २०१० साली जगभरात रस्त्यांवर साडेबारा लाख माणसं गेली, २०२१ साली ११ लाख ९० हजार. गाड्या एवढ्या वाढूनही आकडा थोडा खाली आला, आनंदच आहे. पण जखमींचा आकडा त्याच संघटनेच्या माहितीत कसा दिलाय? दरवर्षी २ ते ५ कोटी. दोन की पाच? मधल्या तीन कोटी माणसांचा कोणाला पत्ताच नाही. दादा त्यांच्यातलाच एक.

तुमच्या घरात, ओळखीत असं कोणी असेल तर लिहा. गेलेल्यांबद्दल लिहिलंत तरी चालेल.

पायवाट
वाचतेय. हात ओले आहेत, रात्री लिहिते. दादांना नमस्कार सांग.

उनाडपक्षी
वास जाणं माझ्या मावसभावाचंही झालंय!! नाकाच्या वरून मेंदूकडे जाणाऱ्या अगदी बारीक नसा असतात, त्या धक्क्यानं तुटतात असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नदीकाठ, गॅसगळतीचा अलार्म मिळतो, भिंतीवर लावायचा. आधी तो बसवून घे, बाकीचं नंतर बोलू.

नदीकाठ
हे माहीतच नव्हतं. आजच बघते. सिलिंडरचा असेल तर खाली लावायचा ना?

उनाडपक्षी
हो, सिलिंडरचा गॅस जड, खाली साठतो. जमिनीजवळ लाव. पाइपचा असेल तर वर, छताजवळ.

फिजिओताई
मी वॉर्डात काम करते. आमच्याकडे येतात त्यांत चारचाकीतले कमी, दुचाकीवरचे आणि पायी चालणारेच जास्त. आणि वय बघितलं की पोटात कालवतं. जगात ५ ते २९ या वयात सगळ्यात जास्त जीव रस्त्यावर जातात, कुठल्याही आजारापेक्षा जास्त.

एक मुलगा आला होता. दुचाकीवरून फेकला गेला तेव्हा मान एका बाजूला गेली आणि खांदा दुसऱ्या. अशा वेळी हाताच्या नसा मणक्यापासून मुळासकट उपटल्या जातात. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत. हातावर ओरखडासुद्धा नाही, पण हात लोंबतोय, आणि त्या न हलणाऱ्या हातात जळल्यासारखी कळ रात्रंदिवस. त्याला एका हातानं शर्टाची बटणं लावायला शिकवलं. खालून सुरुवात करायची, म्हणजे वरखाली होत नाहीत. पहिल्यांदा सगळी बटणं बरोबर लागली तेव्हा तो ती काढून परत लावत बसला, त्याची आई बाहेर जाऊन रडली. कागदावर काय होतं? "हाताला दुखापत." बोट मुरगळलं तरी तेच लिहितात.

सडेतोड
सगळ्यांचे अनुभव वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू, लोक शिस्तच पाळत नाहीत. फोनवर बोलत गाडी चालवतात, उलट्या दिशेनं येतात. माणूस सुधारल्याशिवाय काही होणार नाही.

गाडीवान
सडेतोड दादा, माझे बाबा ट्रक चालवायचे. एकदा वळताना सायकलवाला डावीकडून आत आला, आरशात दिसलाच नाही. मोठ्या गाडीला डाव्या अंगाला एवढी जागा असते की तिथं चार माणसं उभी असली तरी ड्रायव्हरला दिसत नाहीत. तो वाचला, पण पाय गेला. बाबांची चूक नव्हती असंच निकालात आलं.

पण बाबा त्यानंतर कुठेही वळायचं असलं की क्लीनरला खाली उतरवायचे. तो डाव्या बाजूनं चालत हात दाखवायचा, मग गाडी वळायची. वेळ जातो म्हणून मालक ओरडायचा, बाबा ऐकायचे नाहीत. शेवटी काम सोडलं. घरी गाडीचा विषय काढलेला चालायचा नाही त्यांना. जखमी मोजताना चालवणारा कोणी मोजत नाही, हे सांगायचं होतं.

निळीशाई
गाडीवान 🙏 बाबा कसे आहेत आता?

गाडीवान
बरे आहेत. नातवाला शाळेत चालत सोडतात, रस्त्याच्या बाजूला स्वतः चालतात, तो आतून.

रस्तेमापी
रस्त्यांच्या आखणीचं काम करतो, म्हणून सडेतोड यांना उत्तर द्यावंसं वाटतं. शिस्त हवीच. पण माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा, असं स्वीडननं १९९७ साली संसदेत ठरवलं. चूक होईल, पण तिची शिक्षा मरण नसावी. समोरासमोर धडक होते त्या रस्त्यांवर त्यांनी मधोमध तारांचे अडथळे घातले. सिग्नलच्या चौकाऐवजी गोल चौक केले, म्हणजे धडक झालीच तरी हळू आणि तिरकी होते.

सगळा खेळ वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला तर आघाताची ताकद चौपट. चालणाऱ्याला ५० च्या ऐवजी ६५ नं धडक बसली तर मरण्याची शक्यता साडेचार पट होते. गाडीतल्या माणसाला हा १५ चा फरक कळतसुद्धा नाही. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात त्या अख्ख्या शहरात रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत.

सडेतोड
एकही नाही? हे माहीत नव्हतं. वाचतो यावर.

सायकलवेडा
नेदरलँड्सचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज सगळे त्यांच्या सायकलींचं कौतुक करतात, पण १९७१ साली तिथं ३,००० हून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यांत ४०० हून जास्त लहान मुलं. ज्याची स्वतःची मुलगी गेली होती अशा एका पत्रकारानं "मुलांची हत्या थांबवा" असा मथळा देऊन लेख लिहिला आणि त्यातून चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. आता वर्षाला ७०० च्या आसपास मृत्यू.

पण नदीकाठ म्हणतेय तेच तिथंही आहे. मृत्यू उतरले, गंभीर जखमी उतरत नाहीत, आणि त्यांत बहुतेक सायकलवाले. म्हातारी माणसं जास्त. कित्येकदा समोर गाडीही नसते, कठड्याला चाक घासतं, खुब्याचं हाड जातं. पोलीस येत नाहीत, मग पोलिसांच्या नोंदीत येणार कुठून?

मोरपीस
पहिल्यांदाच लिहितेय याबद्दल. बाबा स्कूटरवरून पडले, मागून धक्का बसला होता. आयसीयूतून वॉर्डात आले, बोलायला लागले, मला वर्तमानपत्र वाचून दाखव म्हणाले. मग जंतुसंसर्ग झाला आणि महिना उलटल्यावर गेले. आज इथं वाचता वाचता शोधलं तेव्हा कळलं की ३० दिवसांच्या आत गेला तरच तो रस्त्यावरचा मृत्यू धरतात. म्हणजे बाबा कुठेच नाहीत. ना गेलेल्यांत, ना जगलेल्यांत.

नदीकाठ
मोरपीस, काय बोलू गं. इथं आहेत ते.

रस्तेमापी
मोरपीसताई, मनापासून वाईट वाटलं. नियमामागचं कारण एवढंच की देशादेशांची तुलना करता यावी. जपान तर रोजच्या बातम्यांत २४ तासांत गेलेल्यांचाच आकडा देतो. १९७० साली तो १६,७६५ होता, आता ३,००० च्या खाली आहे. खरोखरच मोठं काम आहे त्यांचं. पण रुग्णवाहिका आणि शस्त्रक्रिया सुधारल्या की माणूस त्या २४ तासांच्या पलीकडे जातो, आणि पुढचं हॉस्पिटलच्या नोंदीत राहतं. पोलिसांची वही आणि हॉस्पिटलची वही जोडून बघितल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. काही देश आता तसं करतात.

मोरपीस
समजलं. राग नाही, नुसतं टोचलं.

निळीशाई
नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्त्यावर गेलेल्यांच्या आणि जखमींच्या स्मरणाचा असतो जगभर. संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून मान्य केलाय. मी दर वर्षी एक दिवा लावते, मैत्रिणीसाठी. यंदा काकांसाठीही लावेन, मोरपीस.

झुळूक
मला उंच गाड्यांबद्दल बोलायचंय. माझ्या मुलाची उंची समोरच्या बॉनेटएवढीसुद्धा नाही. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी मेले होते, २०२२ साली ७,५०० हून जास्त. कारणं बरीच असतील, अंधार, रुंद रस्ते, पण समोरून उभी भिंत असलेल्या गाड्या हे त्यातलं एक आहेच. खालच्या बॉनेटची गाडी पायाला लागते, उंच गाडी छातीला. मुलांच्या तर डोक्यालाच.

लगेच एक प्रश्न, सायकलच्या हेल्मेटचा पट्टा मुलाला किती घट्ट हवा? तो काचतो म्हणून रडतो.

सायकलवेडा
हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या जरा वर. मागे सरकलेलं हेल्मेट काही कामाचं नाही. आणि वाढत्या अंगाचं घेऊ नका.

झुळूक
वाढत्या अंगाचंच घेतलंय, म्हणून पट्टा आवळावा लागतो. बदलते.

पायवाट
आले. सगळं वाचलं, मोरपीस तुला घट्ट मिठी.

माझी आई रिक्षात होती. रिक्षा उलटली, मणक्याला मार, कमरेखाली संवेदना नाही. लोक पहिलं वर्ष येतात, विचारतात, मग येईनासे होतात. कोणाला दोष देत नाही, त्यांनाही संसार आहेत. पण रोजचं काम तेवढंच राहतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. मी आणि वहिनी रात्री वाटून घेतल्यात, पहाटेचा गजर तिचा. दिवसा आई आम्हाला गोष्टी सांगत असते, आमचीच करमणूक करते ती. अपघात तिचा एकटीचा झाला, पण घरातल्या सगळ्यांचीच कामं, नोकऱ्या, झोप बदलली.

फिजिओताई, तुम्हाला एक विचारू? बेडवरून खुर्चीत घेताना माझी कंबर फार धरते. दोघींनी उचललं तरी.

फिजिओताई
उचलू नकाच, सरकवा. गुळगुळीत फळी मिळते, एक टोक आईंच्या मांडीखाली, दुसरं खुर्चीवर. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा, खुर्चीचा बेडकडचा हात, म्हणजे हात टेकायची दांडी, काढून ठेवायची. त्यांच्या हातात ताकद आहे ना? मग त्यांनाच हातांवर जोर देऊन थोडं थोडं सरकू दे, तुम्ही फक्त कमरेला आधार द्या. कातडी फळीवर घासू देऊ नका. आणि पहिल्यांदा एखाद्या फिजिओसमोर करून बघा. बेड आणि खुर्ची एका उंचीची आहे का?

पायवाट
हातात चांगली ताकद आहे, माझ्यापेक्षा जास्त. बेड बराच उंच आहे. मोजून सांगते.

फिजिओताई
गादीसकट मोजा.