आहेराच्या पाकिटांवर कॅसिनोच्या गावी मधुचंद्र: तुमचे अनुभव सांगा

दांडिया बाजार, बडोदे

माझ्या नणंदेच्या मुलाचं मार्गशीर्षात लग्न आहे. दोघंही कमावते आहेत, पण नोकऱ्या नव्या आणि फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला. साठवलेले आणि आहेरात येतील ते धरून दीड लाखाच्या आसपास जमतील. तेवढ्यात हाँगकाँगजवळच्या मकाऊला जायचं म्हणतात. घरातली मोठी माणसं विचारतात, नव्या नवरीला कोणी जुगाराच्या गावी नेतं का? मला यात वावगं काही वाटत नाही. दिव्यांची रोषणाई बघायला जायचंय त्यांना. पण पैशांची काळजी मलाही आहे. अशा गावी हात आखडून मधुचंद्र केलेल्यांनी खरं काय झालं ते लिहा. फसलात तर तेही लिहा. हॉटेलचं नाव नको, स्वतःचंही नको, बडोद्यातला आपला भाग लिहिला की पुरे. पैसे कुठे वाचले आणि कुठे गळले, तेवढं हवंय.

मांजलपूर

आम्ही २०२४ मध्ये मकाऊलाच गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. भारतीय पासपोर्टवर तिथे ३० दिवस व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला उतरून बाहेर पडायचं तर त्यांची पूर्वनोंदणी ऑनलाइन होते, तिला पैसे पडत नाहीत. पुढे आम्ही बोट न घेता समुद्रावरच्या पुलावरून बसने गेलो. तो सगळा पूल-बोगद्यांचा रस्ता ५५ किलोमीटरचा आहे, २०१८ साली सुरू झाला. दोन्ही बाजूंना पाणी आणि शेजारी आठ दिवसांची बायको! आमचा मधुचंद्र त्या बसमध्येच सुरू झाला असं मी मानतो.

पैसे वाचले ते वारामुळे. रविवारी पोचलो, गुरुवारी निघालो. शनिवारी त्याच खोलीचे दुपटीहून जास्त सांगत होते. चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर टाळाच. खोली जुन्या गावात घेतली, साधी, खिडकी उघडली की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. सकाळी पायी सेनाडो चौक, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची ती फरसबंदी, मग सेंट पॉलच्या चर्चची उरलेली दर्शनी भिंत. बाकीचं चर्च १८३५ च्या आगीत गेलं. बघायला एक पैसा नाही.

संध्याकाळी मोठ्या कॅसिनोंच्या मोफत बसने कोताईला, म्हणजे त्या कॅसिनोंच्याच भागात, जायचो. गिऱ्हाईक आणण्यासाठीच त्या बस असतात, पण खेळायलाच हवं अशी सक्ती कोणी केली नाही. तिथल्या व्हेनिशियन कॅसिनोत छतावर आकाश रंगवलंय, खाली कालवे, त्यात होड्या. होडीत बसायला पैसे पडतात. आम्ही पुलावर उभे राहिलो. होडी वल्हवणारी बाई खालून गात आली आणि वर आमच्याकडे बघून हात हलवून गेली. बायको अजून त्या गाण्याची चाल गुणगुणते.

गळती दोन ठिकाणी झाली. एक, शाकाहारी जेवण. घरून नेलेले ठेपले, मेतकूट आणि लीलो चेवडो तिसऱ्या दिवशी संपले, मग एका भारतीय हॉटेलात दोन वेळचं जेवण खोलीभाड्याच्या जवळपास गेलं. पोर्तुगीज अंड्याचे टार्ट स्वस्त आणि फार छान, पण बायको अंडं खात नाही. दुसरं, हाँगकाँग डॉलर दुकानात घेतात, सुटे मात्र पताकात, म्हणजे मकाऊच्या चलनात, देतात आणि त्या पताका हाँगकाँगला चालत नाहीत. उरलेल्या मोडताना नुकसान झालं.

दांडिया बाजार, बडोदे

पताकांचं कोणीच सांगितलं नव्हतं, आजच कळवते त्याला. आणि खेळलात का, ते राहिलंच.

मांजलपूर

नाही खेळलो. आत जाऊन अर्धा तास टेबलं पाहिली. २१ वर्षं पूर्ण नसतील तर आत सोडत नाहीत, बायकोला पासपोर्ट दाखवावा लागला.

वाघोडिया रोड

मी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमचं २०२२ मधलं, पणजीचं. बडोद्याहून मडगावला थेट गाड्या आहेत, वसई रोड-पनवेल करत कोकण रेल्वेने जातात. येताजाताचं मिळून दोघांचं भाडं चार हजारांच्या आत बसलं. खोली फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीजवळ, घरगुती. रोज रात्री मांडवीच्या काठाने चालायचो, कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात पडलेले बघायचो. तेवढंच पुरे होतं खरं तर.

तिसऱ्या रात्री बोटीवर गेलो. प्रवेशाच्या पैशांत जेवण आणि थोडे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, मिळतात. ते चिप्स अर्ध्या तासात संपले. मग ह्यांनी पाकीट काढलं. पहाटे अडीचला बावीस हजार गेले होते. त्यात माझ्या आजीने दिलेल्या पाकिटातले पाच हजार होते. आजीने पेन्शनमधून काढून ठेवलेले. मी परत येताना बोलले नाही, सकाळी चहाही घेतला नाही.

दुपारी हे म्हणाले, चल, कुठेतरी जाऊ. जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट जाते, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. खिशात मोजकेच उरले होते म्हणून तिथे गेलो. बेटावर भातशेतं, शांत रस्ता, एक कुत्रा आमच्याबरोबर देवळापर्यंत आला. तिथे पायरीवर बसून ह्यांनी सगळा हिशेब सांगितला, एक पैसा न लपवता. आजीचे पाच हजार त्यांनी पुढच्या पगारातून मला परत दिले. मी ते अजून खर्चलेले नाहीत. मामी, तुमच्या भाच्याला सांगा, आहेराचं पाकीट खोलीत कुलपात ठेवायचं. बरोबर न्यायचंच नाही.

दांडिया बाजार, बडोदे

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. आजीच्या पाच हजारांपाशी माझे डोळे भरून आले.

फतेगंज

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले, त्यामुळे वाघोडिया रोडच्या ताईंचं वाचून राहवेना. यात त्यांच्या यजमानांचं नशीब वाईट होतं असं नाही. रूले म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल त्यावर पैसे लावायचे. चाकावर एक शून्य असेल तर घरं ३७, आणि आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. दोन शून्यं असतील तर ५ रुपये २६ पैसे. लास व्हेगासला आता तीन शून्यांची टेबलंही आहेत, तिथे ७ रुपये ६९ पैसे. शंभर-शंभर करत तासाला चाळीस वेळा लावले की चार हजार चाकावरून फिरतात आणि एका शून्यावरही सरासरी १०८ रुपये जातात. रक्कम वाढवली की त्याच पटीत हेही वाढतं. गेलेले भरून काढायला रक्कम वाढवतात, तिथेच माणूस बुडतो.

आम्ही स्वतः मलेशियात गेंटिंगला, डोंगरावरच्या कॅसिनोच्या गावी, गेलो होतो. क्वालालंपूरहून बस, मग केबल कार. जागा सुमारे १,८०० मीटरवर, माथेरानच्या दुपटीहून उंच, स्वेटर लागतं. तिथल्या एका हॉटेलातच सात हजारांवर खोल्या असल्यामुळे मधल्या वारी स्वस्त मिळते. केबल कार वाटेत चिन स्वी देवळाशी थांबते, तिथे उतराच. धुकं पायाखालून जातं.

कारेलीबाग, सध्या न्यू जर्सी

लग्न बडोद्यात झालं, अमेरिकेत परतल्यावर रजा चारच दिवसांची, म्हणून लास व्हेगास. मंगळवारची खोली इतकी स्वस्त होती की आम्ही दोनदा तपासली. निघताना कळलं, रोजची रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेलची सक्तीची जादा आकारणी, वेगळी. दोघांचं एका दिवसाचं जेवण त्यात गेलं. खोली घेताना फीसकट रक्कम बघा.

बाकी शहर बघायला फुकट आहे. बेलाजिओ हॉटेलची कारंजी १९९८ पासून चालू आहेत, रात्री दर पंधरा मिनिटांनी. आम्ही तीन रात्री तिथेच कठड्याला टेकून काढल्या. दर वेळी गाणं वेगळं. आतला फुलांचा बगिचाही मोफत. ड्यूस बसचा दिवसभराचा पास काढून जुन्या फ्रीमाँट स्ट्रीटला गेलो, तिथे रस्त्यावर अख्खं छत पडद्याचं आहे. एक सांगते, चालायची चप्पल मऊ घ्या. समोर दिसणारं हॉटेल वीस मिनिटांवर निघतं, आणि जुलैत तिथलं ऊन बडोद्याच्या मे महिन्यासारखं.

अकोटा

सिंगापूरचं थोडक्यात. तिथल्या नागरिकांना कॅसिनोत शिरायला १५० डॉलर पडतात, आपल्याला पासपोर्ट दाखवून मोफत. आम्ही शिरलोच नाही. मरीना बे खाडीतला पाण्यावरचा प्रकाशाचा खेळ बाहेर बसून पाहिला.

गोत्री

मामी, मीच तो भाचा. आम्ही दोघांनी काल जेवण झाल्यावर सगळं मोठ्याने वाचलं. मकाऊच ठरलं. रविवार ते गुरुवार, खोली जुन्या गावात. पाकिटं आईच्या कपाटात राहतील, खेळायला वेगळे पैसे ठेवायचेच नाहीत असं होणाऱ्या बायकोनेच सुचवलं. त्याऐवजी होडीचं एक तिकीट काढायचंय, दोघांनी बसून. मांजलपूरच्या दादांना एकच विचारायचंय, तुम्ही उभे होतात तो पूल नेमका कुठला? होडीतून वर बघून हात हलवायचाय आम्हाला.