एनलिस्ट, रिक्रूट, ड्राफ्ट, कन्स्क्रिप्ट: सगळंच 'भरती'?

एक शंका आहे. एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय, त्यात हे चारही शब्द येतात आणि मी सगळीकडे डोळे झाकून 'सैन्यात भरती' ठोकून दिलंय. आता वाचताना खटकतंय. फरक काय नक्की?

—

मर्जी कोणाची आणि क्रिया कोण करतंय एवढं बघा, बरंचसं सुटतं. एनलिस्ट माणूस स्वतः होतो, आपणहून नाव घालतो. रिक्रूट मात्र त्याला सैन्य करतं, त्यामुळे 'ही रिक्रूटेड फॉर द आर्मी' म्हणजे तो भरती झाला नाही, तो इतरांना भरती करत फिरत होता :) नाम म्हणून रिक्रूट म्हणजे नवखा, अजून ट्रेनिंग चालू असलेला. शब्द फ्रेंचमधून आलाय, मुळात 'पुन्हा वाढणं', म्हणजे घटलेली फौज भरून काढणं, आपली 'भरती' खरं तर इथेच चपखल बसते.

कन्स्क्रिप्ट म्हणजे कायद्याने सक्ती. ड्राफ्टही तेच पण अमेरिकन, तिकडे तो १९७३ला बंद झाला. ब्रिटनमध्ये सक्ती १९१६ला आली, तिकडे बोलीत 'कॉल-अप'. एनरोल सोडून द्या, तो कॉलेजलाही चालतो.

—

मग व्हिएतनामच्या काळातल्या, सक्तीने नेलेल्या पोरांना पण 'एनलिस्टेड मेन' का म्हणतात? तिथे मर्जी कुठे होती?

—

हां, इथेच सगळे घसरतात, मी पण घसरलोय. 'एनलिस्टेड' हा तिथे दर्जा आहे, मर्जीशी संबंध नाही, जो अधिकारी नाही तो एनलिस्टेड, मग सार्जंट का असेना. गंमत म्हणजे अमेरिकन आर्मीत तेव्हा सर्व्हिस नंबरवरून कळायचं, आपणहून आलेल्या शिपायाच्या नंबराआधी 'आरए' आणि ड्राफ्टवाल्याच्या आधी 'यूएस', पण दोघंही एनलिस्टेडच.

—

म्हणजे 'स्वेच्छेने दाखल झालेले' लिहिलं असतं तर वाट लागली असती.

—

पार! तिथे 'जवान' लिहा. बाकी एनलिस्टला 'सैन्यात नाव घातलं' किंवा 'दाखल झाला', कन्स्क्रिप्ट-ड्राफ्टला 'सक्तीने भरती केलं'. नुसतं 'भरती' रिक्रूटपुरतं ठेवा.